दर दुसरा माणूस

प्लेग म्हटला की मराठी वाचकाला पुणे, रँड आणि चापेकर आठवतात. त्याच वर्षी मुंबईच्या तुरुंगात जे घडलं, ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून जवळपास निसटलं आहे.

१८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. ओडेसाचा वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस बनवू लागला. १० जानेवारी १८९७ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि सुमारे दीडशे कैदी टोचून घ्यायला पुढे आले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मेलं कुणी नाही. न टोचलेल्या बाकीच्यांत बारा आजारी, सहा मृत.

तुरुंग का? एकच भिंत, एकच अन्न, रोजची शिरगणती. कोण गाव सोडून पळाला, कोणाचा आजार लपवला, हा घोळच नाही. पण भायखळ्यात एक गोम होती. जे आपणहून पुढे येतात ते मुळातच वेगळे असू शकतात. वर्षभराने उमरखाडीत ती दूर केली: कैद्यांना रांगांत बसवलं आणि दर दुसऱ्या माणसाला लस दिली. टोचलेले १४७, त्यांत तिघे आजारी, मृत्यू शून्य. न टोचलेले १२७, त्यांत दहा आजारी, सहा मृत. शास्त्र म्हणून दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा सरस, यात शंका नाही. मात्र ते सहा जण कोण, हे रांगेतल्या जागेने ठरवलं होतं. कोठडीतल्या माणसाच्या ‘हो’ला किती वजन द्यायचं, हा प्रश्न तर दोन्हीकडे उरतोच.

१८९८मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात ही वाटणी थेट घरात आली. प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस, निम्म्यांना नाही. प्लेग शिरलेल्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी आठ आजारी पडले, तिघे गेले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, त्यांतले २६ गेले. मला हा आकडा वाचवत नाही. एकाच चुलीवर जेवणाऱ्यांची ही यादी आहे.

शंभर वर्षांनी, चांदूर बाजारहून पाहिलं तर विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीची चाचणी घेतली. ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून तयार केलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही त्याच देत. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ने हे छापलं, आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. इथे वाटणी माणसांची नव्हे, गावांची होती. त्या ४७ गावांत सरकारी सेवा आधीसारखी सुरू होती, आणि जन्ममृत्यूची नोंदही.