बातमी कोणाची, मथळा कोणाचा?



पेपरात हल्ली वाचण्यासारखे काही राहिले नाही, ही तक्रार आटपाडीच्या एस.टी. स्टँडावर रोज सकाळी ऐकू येते. तक्रार करणारा मनुष्य हातातला पेपर मात्र खाली ठेवीत नाही, ही त्यातली गंमत. पहिल्या पानावर मुंबई-दिल्लीच्या पुढाऱ्यांची भांडणे, एखाद्या नटीचे लग्न, क्रिकेटचा सामना. माणगंगेला पाणी आले की नाही, डाळिंब काय दराने गेले, कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, हे आतल्या पानाच्या कोपऱ्यात. तेही असले तर. मग मोबाईलवर कोणी काही धाडले की तेच खरे धरून मंडळी चहाला जातात.

या तक्रारीत तथ्य आहे. परंतु ती आजकालची आहे असे जे समजले जाते ते बरोबर नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेव्हापासून मराठी वाचकापुढे दोन प्रश्न उभे आहेत. छापलेले खरे मानावे काय, हा पहिला. आणि खरे असले तरी त्याला एवढी जागा का दिली, हा दुसरा. बोलताना आपण या दोहोंची गल्लत करतो. एखादे पत्र बातमी अगदी चोख देईल, पण तुमच्या-आमच्या जिण्याला त्यात स्थान नसेल. आणि एखादे पत्र आपल्या बाजूने तळमळीने लिहील, पण त्याचा पुरावा कच्चा असेल. आम्ही कामगार संघटनेची माणसे. शाळेने आम्हांला थोडे शिकविले. उरलेले वर्तमानपत्रांनी आणि संपांनी शिकविले. तेव्हा हा इतिहास आम्ही आमच्या ओट्यावर बसूनच सांगणार.

पहिल्या प्रश्नाची कथा कोल्हापूरची आहे. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात 'मराठा' आणि 'केसरी' ही पत्रे निघाली. टिळक आणि आगरकर दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बोलवा साऱ्या महाराष्ट्रात होती, आणि लोकांचा राग कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांच्यावर होता. अशा वेळी बर्व्यांच्याच हातची म्हणून काही पत्रे पुण्यात फिरू लागली. महाराजांविरुद्ध कारस्थान चालले आहे असा अर्थ त्यांतून निघत होता. दोन्ही पत्रांनी त्यावर कडक मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात ती पत्रे बनावट ठरली! संपादकांनी माफी मागितली. तरी जुलै १८८२ मध्ये दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले.

ही हकीकत आपण देशभक्तीच्या कौतुकाने सांगतो, आणि कौतुक योग्यच आहे. पण आमचे लक्ष त्या बनावट पत्रांवर खिळते. एवढी बुद्धिमान माणसे फसली कशी? आमच्या मते याचे कारण असे की, महाराजांचे हाल होत आहेत हा संशय पोकळ नव्हता. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, देखरेखीवर ठेवलेल्या गोऱ्या इसमाशी झटापट होऊन महाराज वारले. म्हणजे संशयाला आधार होता आणि कागद मात्र खोटा होता. खोटा कागद रचणारा मनुष्य नेहमी अशाच जागी घाव घालतो. आपल्याला जे आधीच पटलेले असते, तेच तो आपल्या हाती आणून देतो. मोबाईलवरची खोटी बातमी आज याच वाटेने घरात शिरते. जी वाचून 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' असे तोंडातून निघते, तिची जात आम्ही सर्वांत आधी तपासतो.

या खटल्याची आणखी एक बाजू आहे. फसूनही 'केसरी'वरचा लोकांचा विश्वास उडाला नाही, उलट वाढला. लिहिणारा कोण हे ठाऊक होते, छापखाना कोठे आहे हे ठाऊक होते, चूक झाली तेव्हा ती कबूल झाली आणि शिक्षा संपादकांनी स्वतःच्या अंगावर घेतली. मोबाईलवर 'पुढे पाठवा' म्हणून जो निरोप येतो त्याचा संपादक कोणत्या तुरुंगात जाणार? आणि हेही सांगितले पाहिजे की, या दोघांच्या जामिनासाठी दहा हजार रुपयांची सोय आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकरवी कोणी करविली, तर जोतीराव फुल्यांनी. त्यांचे आणि या तरुण संपादकांचे विचार जुळणारे नव्हते. विरोधी पक्षाचा संपादकही बाहेर राहिला पाहिजे, हे त्या माणसाला कळले होते.

आता दुसरा प्रश्न, जागेचा. तो आमच्या जिव्हाळ्याचा, म्हणून त्यावर थोडे अधिक बोलतो. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. पैशाअभावी ते डळमळू लागले, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेऊन चालविले. लोखंडे गिरणीत नोकरी केलेले, चाळीची हवा खाल्लेले गृहस्थ. त्या काळी गिरणी उजाडता सुरू होऊन दिवे लागणीला थांबे. आठवड्याची ठराविक सुटी नाही, दुपारच्या भाकरीला नेमलेली वेळ नाही, पगार केव्हा हाती पडेल त्याचा नेम नाही. हजारो माणसांचे हे रोजचे जिणे. पण ती बातमी नव्हती. रोज जे घडते त्याला बातमी म्हणत नाहीत, हा छापखान्याचा जुना कायदा आहे.

मोठी पत्रे तेव्हा काय लिहीत होती? १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, बारा वर्षांखालच्यांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, हा त्याचा गाभा होता. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांवर त्यात काहीही मर्यादा नव्हती. तरीसुद्धा देशी उद्योग बुडविण्याचा हा मँचेस्टरचा डाव आहे, असे तेव्हाच्या बहुतेक राष्ट्रीय पत्रांचे मत होते, आणि 'केसरी-मराठा' त्याला अपवाद नव्हते. ते खोटे बोलत होते असे आम्ही म्हणणार नाही. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा नको होती, हे सत्यच आहे. पण त्या खऱ्या बातमीच्या आड सात वर्षांचे पोर साच्यापाशी उभे होते, ते दिसेनासे झाले. ज्यांनी कोल्हापूरच्या महाराजांसाठी तुरुंग पत्करला, त्यांच्याच पत्रांत गिरणीतल्या पोराला जागा मिळाली नाही. मथळ्याचा अन्याय हा असा असतो. त्यासाठी खोटे लिहावे लागत नाही.

लोखंड्यांनी रडगाणे गायिले नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगाकडे पाठविला. रविवारची सुटी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. यातली एकही मागणी भडक मथळा होण्याजोगी नाही. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. आज रविवारी सकाळी जो मनुष्य निवांत पेपर उघडून पेपरवाल्यांना नावे ठेवतो, त्याचा तो रविवार 'दीनबंधु'च्या संपादकाने लढून मिळविलेला आहे. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगात गेले.

इतिहास सरळ रेषेत चालत नाही, याचा दाखला लगेच मिळतो. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा याच गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांनी जुना हिशेब काढला नाही. असो.

आता आपल्या गावाकडे वळू. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९३९ साली औंधच्या राजाने कारभार प्रजेच्या हाती दिला, आणि त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतीवाचून कैद्यांची वसाहत उभी राहिली. हा प्रयोग देशाला कळला तो पेपरांमुळे कमी आणि १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळे अधिक. त्याची कथा आपल्या माडगूळच्या गदिमांची.

१९४२ च्या ऑगस्टनंतर सरकारने वृत्तपत्रांच्या नाड्या आवळल्या. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तोही १२ नोव्हेंबरला पकडला गेला. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. न्यायनिवाडे होऊ लागले, गुंडांचा आणि खबऱ्यांचा बंदोबस्त होऊ लागला. आणि त्याच वेळी एक बातमी पसरली: हे लोक माणसाच्या पायाला पत्री ठोकतात! बैलाच्या खुराला पत्री मारतात, ती आपल्या मुलखात प्रत्येकाने पाहिलेली. 'प्रति'चे 'पत्री' झाले, आणि नावावरून गोष्ट तयार झाली. प्रत्यक्षात शिक्षा होती ती तळपायांवर काठीने मारण्याची. ती सौम्य नव्हती, हे लपविण्याचे कारण नाही. पण लोखंडी पत्रा आणि काठी यांत जे अंतर आहे, तेच बातमी आणि अफवा यांत आहे.

ही अफवा कोणाच्या सोयीची होती? सरकारच्या होती, कारण चळवळ रानटी ठरत होती. पण गंमत अशी की ती चळवळीच्याही थोडी सोयीची होती. गावगुंड नुसत्या नावाने घाबरत. ज्या अफवेत दोन्ही बाजूंचा फायदा असतो ती मरत नाही. आजही भल्या भल्या सुशिक्षितांना पत्री ठोकीत असत असेच वाटते. मग खेड्यातल्या माणसाने खरे कसे ओळखावे? तेव्हा छापील कागदापेक्षा निरोप्या महत्त्वाचा होता. तो कोणत्या गावचा, कोणाच्या घरचा, स्वतः पाहून आला की ऐकून, हे विचारले जाई. शाहीर शंकरराव निकमांसारखा माणूस डफावर जे सांगे, ते समोर उभा राहून, तोंड दाखवून सांगे. संपाच्या काळात आम्हीही हीच रीत ठेवतो. 'संप मागे घेतला' असा निरोप मोबाईलवर हमखास येतो. आम्ही विचारतो, बैठक कोठे झाली, सही कोणाची, तारीख कोणती. निम्मे निरोप या तीन प्रश्नांपाशीच गळतात.

मथळ्याला आणखी एक खोड आहे, ती म्हणजे निम्म्यात निघून जाणे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. माणदेशातली, खानापूर-आटपाडीकडची किती घरे त्या गिरण्यांवर जगत होती हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. आरंभी पहिली पाने भरभरून आली. हळूहळू संप आत सरकला आणि नाहीसा झाला. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. माणसे ट्रंका घेऊन गावी परतली. त्याला कोणती तारीख घालून बातमी छापणार?

दुष्काळाचेही तसेच. मंत्री आले की आटपाडी पहिल्या पानावर, मंत्री गेले की टँकरची रांग आपली आपणच मोजायची. २००६ साली मुंबईच्या एका फॅशन सोहळ्याला पाचशे बारा पत्रकार हजर होते, तेथे विषय सुती कपड्यांचा होता. आणि त्याच वेळी विदर्भात कापूस पिकविणारा शेतकरी आत्महत्या करीत असता, तेथे बाहेरून गेलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते, हे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. तेही पत्रकारच, हे विसरू नये. सगळ्या पेपरांना एकाच दावणीला बांधून शिव्या देणाऱ्याला आपल्या बाजूचा बातमीदारही ओळखता येत नाही.

याच आटपाडीत १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरविल्या. गणपतराव देशमुख, भारत पाटणकर असे निरनिराळ्या पक्षांचे लोक एका व्यासपीठावर बसले. मोठ्या शहरांतल्या पत्रांना ती दूरची गोष्ट होती. परिषद मात्र वर्षामागून वर्षे भरत राहिली, आणि समान पाणीवाटपाचा शब्द आज कालव्यावरच्या साध्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे.

आमच्या कचेरीत एकाऐवजी दोन पेपर येतात. एक ज्याच्याशी आमचे पटते, एक ज्याच्याशी मुळीच पटत नाही. शेजारी एक वही आहे. कामगारांची आणि पाण्याची बातमी आली की तिच्यात तारीख, पान, बातमीदाराचे नाव असल्यास नाव, आणि ती बातमी कोणाच्या तोंडची आहे एवढे लिहून ठेवतो. दोन-तीन महिन्यांनी पुढे काय झाले ते समोरच्या रकान्यात भरतो. वही चाळली की कोणता बातमीदार बांधावर जाऊन लिहितो आणि कोणता कचेरीतून आलेला कागद तसाच उतरवितो, ते आपोआप दिसू लागते. बांधावर येणारे थोडे आहेत. ते आले की त्यांना आम्ही बसवून घेतो, आकडे कागदावर देतो, आणि छापलेले चुकले असेल तर दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतो. समोरचा रकाना बऱ्याच ठिकाणी अजून कोरा आहे. ज्यांना ती वही पाहावयाची असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी कचेरीत यावे.