फुलबॅक

गोल करणाऱ्यांच्या गोष्टी सगळेच सांगतात. आमच्या आबांच्या गोष्टींत नायक असे तो गोल अडवणारा. गोव्यातल्या सासष्टीत भाताची कापणी आटोपली की मोकळ्या शेतांत फुटबॉल सुरू होई आणि आबा तिथे अनवाणी पायांनी फुलबॅक खेळत. १८८३मध्ये एका आयरिश पाद्र्याने हा खेळ शिवोलीत आणला, हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं. ते सांगत, फॉरवर्डने दहा संधी घालवल्या आणि अकराव्या वेळी गोल केला तर लोक त्याला खांद्यावर घेतात. बॅक एकदाच चुकला तर चतुर्थीपर्यंत बोलणी खातो. म्हणून बॅक पाहायचा तर तो चुकल्यावर पाहावा, हा त्यांचा ठाम नियम होता.

९ जुलै २००६च्या रात्री बर्लिनमधला विश्वचषकाचा अंतिम सामना आम्ही त्यांच्याबरोबर पाहिला. सातव्याच मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी मिळाली आणि झिदानने ती घातली. मालुदाला पाडल्याचा ठपका इटलीच्या मार्को माटेराझीवर होता. आबा खुर्चीत पुढे सरकून बसले. १९व्या मिनिटाला पिर्लोचा कॉर्नर आला आणि त्याच माटेराझीने सगळ्यांच्या वर उडी मारून हेडरने बरोबरी साधली. आबांनी मांडीवर थाप मारली. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे: ११०व्या मिनिटाला झिदानने त्याच्या छातीवर डोकं हाणलं आणि लाल कार्ड घेऊन तो मैदानाबाहेर गेला. माटेराझीने आधी झिदानच्या बहिणीबद्दल अपशब्द काढले होते, हे त्याने स्वतः मान्य केलं आणि त्याच्यावरही दोन सामन्यांची बंदी आली. आबांना ते मुळीच रुचलं नाही. दुसऱ्याच्या आयाबहिणी मैदानावर आणायच्या नसतात, असं ते म्हणत. मलाही तेच वाटतं. पण त्या सामन्यातलं इतर सगळं पुसून फक्त ती धडक लक्षात ठेवणं मात्र मला पटत नाही. पेनल्टी शूटआउटमध्येही माटेराझीने आपला गोल केला आणि इटलीने ५-३ने विश्वचषक जिंकला.

त्या स्पर्धेत तो खरं तर बदली खेळाडू. चेक प्रजासत्ताकाविरुद्ध नेस्ताला दुखापत झाली म्हणून तो आत आला आणि आल्या आल्या हेडरने गोल केला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध लाल कार्ड मिळालं, म्हणून पुढचा सामना हुकला. इटलीसाठी तो ४१ सामने खेळला आणि गोल केले दोनच. ते दोन्ही त्याच विश्वचषकातले.

त्याचा जन्म १९७३चा, लेच्चे शहरातला. वडील जुझेप्पे खेळाडू होते, नंतर प्रशिक्षक झाले. मार्को पंधरा वर्षांचा असताना आई गेली. वडील त्या क्षेत्रातले असूनही त्याची वाट आडवळणाची झाली: रोममधला हौशी संघ, मग सिसिलीत मार्साला आणि त्रापानी हे खालच्या श्रेणीतले क्लब, मग पेरुजा. मधे एक हंगाम इंग्लंडमध्ये एव्हर्टनकडे काढला, तिथे लाल कार्डंच जास्त गाजली. पेरुजाला परतल्यावर २०००-०१च्या हंगामात या बचावपटूने सेरी आमध्ये १२ गोल केले. राष्ट्रीय संघात पहिल्यांदा उतरला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यानंतर इंटरमध्ये दहा वर्षं. २००२मध्ये शेवटच्या दिवशी लाझिओकडून हरून विजेतेपद गमावलं तेव्हा तो मैदानावर रडला. नंतर त्याच क्लबकडून पाच वेळा लीग आणि २०१०मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली.

पुढे तो आमच्याच दारात येईल, असं कुणाला वाटलं होतं? २०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि माटेराझी चेन्नईयिन संघाचा खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून आला. त्याने बोलावलं म्हणून निवृत्त झालेला नेस्ताही बूट चढवून चेन्नईला आला. ज्याच्या दुखापतीमुळे याला विश्वचषक मिळाला, तोच याच्या हाताखाली खेळला. आबांना हे ऐकवायला हवं होतं. ते तोवर गेले होते.

दुसऱ्या हंगामात तो फक्त प्रशिक्षक होता. संघ गुणतक्त्यात तळाला गेला, मग शेवटचे चारही सामने जिंकून उपांत्य फेरीत पोचला. चेन्नई पुराच्या पाण्यात होती, म्हणून त्यांचा घरचा उपांत्य सामना पुण्याला बालेवाडीत झाला. परक्या गावात घरचा सामना खेळून त्यांनी कोलकात्याला ३-०ने हरवलं.

अंतिम सामना २० डिसेंबर २०१५ला, फातोर्ड्याला. समोर आमचा गोवा, प्रशिक्षक झिको, संघात माटेराझीचा इंटरमधला जुना साथीदार लुसिओ. मी काकांबरोबर स्टँडमध्ये होतो. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला, गोवा २-१ने पुढे गेला आणि काकांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. ९०व्या मिनिटाला आमचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या नावावर स्वयंगोल लागला. पाठोपाठ मेंडोझाने तिसरा घातला. २-३. पलीकडे माटेराझीचा संघ नाचत होता आणि आमच्या भोवती लोक कट्टीमणीला नाही नाही ते बोलत होते. काका मागे वळून त्यांना म्हणाले, "गप बसा रे, पोरगा अजून खेळायचा आहे."

त्यानंतरचा हंगाम माटेराझीला वाईट गेला आणि २०१७मध्ये तो चेन्नई सोडून गेला. कट्टीमणी खेळत राहिला. २० मार्च २०२२ला अंतिम सामना पुन्हा फातोर्ड्याला होता, हैदराबाद विरुद्ध केरळ. हैदराबादच्या गोलमध्ये तोच होता. ८८व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल तावोराने १-१ केलं आणि शूटआउटमध्ये कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. काका आता नातवाला ही गोष्ट सांगतात. तीन पेनल्टी ऐकायच्या घाईत असलेल्या त्या पोराला ते आधी २०१५चा स्वयंगोल ऐकायला लावतात, मिनिटासकट.