फोन लॉक असतानाही दिसेल अशी आजाराची माहिती

संध्याकाळच्या गर्दीत अंधेरी किंवा घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर तुम्हाला चक्कर आली, तर माणसे धावून येतील. पण फोन लॉक असेल, तर घरी कळवायचे कुणाला, तुम्ही कोणती औषधे घेता, हे त्यांना कळणार नाही.

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी' शोधा. आयफोनवर 'हेल्थ' अ‍ॅपमधला 'मेडिकल आयडी' भरा. लॉक असताना माहिती दिसण्याचा पर्याय सुरू करा. माझ्या फार थोड्या पेशंटनी हे केलेले असते.

रक्तगट सगळे आवर्जून लिहितात. तो हॉस्पिटलमध्ये पुन्हा तपासतातच. त्याआधी लिहा : इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या, फिट्स, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, वॉर्फरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध. हे औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर बाहेरून जखम किरकोळ दिसली तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. सीटी स्कॅनला उशीर करून चालत नाही.

मधुमेह्यांनी खिशात ग्लुकोज पावडरही ठेवावी. घाम, थरथर सुरू झाली की सुमारे 15 ग्रॅम घ्या, 15 मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

माहिती भरून झाली की फोन लॉक करून घरच्यांच्या हातात द्या. त्यांना ती सापडते का बघा.