डब्लिनचा रक्तपिपासू, अंतराळातला मनोरा

'डॉक्टर हू' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नव्या अवतारात बघितली असेल. जुन्या मालिकेतली १९८० सालची 'स्टेट ऑफ डिके' ही चार भागांची कथा मात्र शोधून बघा. एका मागासलेल्या ग्रहावर उंच मनोऱ्यात तिघे सत्ताधीश राहतात : झार्गो, कॅमिला आणि ऑकॉन. गावकऱ्यांना वाचायची बंदी. गावातली तरुण पोरं निवडून मनोऱ्यात नेली जातात. मनोरा म्हणजे खरं तर पृथ्वीवरून निघून भरकटलेलं यान, आणि हे तिघे त्याचे अधिकारी. हजार वर्षं रक्तावर जगलेले!

गंमत नावांची आहे. मूळ नावं शार्की, मॅकमिलन, ओकॉनर. बोलता बोलता झिजून त्यांची झार्गो, कॅमिला, ऑकॉन झाली. डॉक्टर चक्क याकोब ग्रिमच्या ध्वनिबदलाच्या नियमाचा हवाला देतो. आयर्लंडमध्ये राहत असाल तर एखादा ओकॉनर तुमच्या ओळखीचा असणारच. आणि 'कॅमिला' ऐकलं की 'कार्मिला' आठवल्याशिवाय राहत नाही.

'कार्मिला' ही डब्लिनच्या शेरिडन ले फानूची रक्तपिपासू नायिका. ती १८७२ साली त्याच्या कथासंग्रहात आली, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधी. ले फानू 'डब्लिन इव्हिनिंग मेल'च्या मालकांपैकी एक. त्याच वर्तमानपत्रात नाटकांची परीक्षणं फुकट लिहून देणारा एक तरुण सरकारी कारकून होता, ब्रॅम स्टोकर. 'ड्रॅक्युला' (१८९७) लिहिणारा तोच.

स्टोकरचा जन्म १८४७ चा, डब्लिनच्या क्लॉन्टार्फमधला. बाहेर बटाट्याचा दुष्काळ चाललेला. सातेक वर्षांचा होईपर्यंत हे पोर अंथरुणालाच खिळलेलं. आई शार्लट मूळची स्लायगोची. १८३२ च्या पटकीच्या साथीत तिथे अजून धुगधुगी असलेल्या माणसांनाही पुरलं गेल्याच्या गोष्टी ती सांगायची. पुढे त्याच्या आग्रहावरून तिने त्या लिहूनही काढल्या. ही पटकी १८१७ साली बंगालमधून जगभर निघाली होती. मला वाटतं, ड्रॅक्युला जहाजातून येतो आणि त्याच्याबरोबर मरण बंदरात उतरतं, यामागे वटवाघळांपेक्षा ही साथ जास्त आहे.

पण रक्त पिणारा नेमका कोण? १८८५ साली लंडनच्या 'पंच'मध्ये जॉन टेनिएलने एक व्यंगचित्र काढलं : झोपलेल्या आयर्लंडवर झेपावणारं वटवाघूळ, म्हणजे जमिनीच्या आणि स्वराज्याच्या हक्कासाठी लढणारी पार्नेलची नॅशनल लीग. दोनच आठवड्यांत 'आयरिश पायलट'ने तेच चित्र उलटवलं. आता वटवाघूळ होतं ब्रिटिश सत्ता. राक्षस तोच, फक्त चेहरा बदलला. टेरन्स डिक्सने पटकथा लिहिताना ही चित्रं पाहिली होती असा माझा दावा नाही. त्याच्यासमोर सरळ ड्रॅक्युलाच होता. इतका, की १९७७ मध्ये बीबीसी स्वतःचा 'काउंट ड्रॅक्युला' काढत होती म्हणून त्याची ही कथा तेव्हा बाजूला ठेवली गेली. तरीही मनोऱ्यातून खंडणी म्हणून पोरं मागणारा मालक बघताना मला आयर्लंडचे जमीनदार दिसतात. खंड वसूल करणारे, आणि बरेचसे राहायला इंग्लंडात.

आता आपल्याकडे या. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, तेव्हा शीर्षकात वेताळाला सरळ 'व्हँपायर' करून टाकलं. पुढे स्टोकर बर्टनला भेटला. बोलताना बर्टनचा ओठ वर जाई आणि सुळा चमके, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. यावरून ड्रॅक्युलाचं मूळ भारतात शोधणारे उत्साही लोक भेटतील; एवढ्या पुराव्यावर मी तरी तिकडे जाणार नाही. मला खटकतो तो शब्द. आपला वेताळ रक्त पीत नाही, प्रेतात शिरतो आणि विक्रमाला कोडी घालतो. गोव्यात आमोण्याला, लोलयेला त्याची देवळं आहेत. तो रात्री गावाची राखण करत फिरतो असं लोक मानतात, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. काही दिवसांनी त्या झिजलेल्या दिसतात म्हणे.