संज्ञाप्रवाही कादंबरी
पात्राच्या मनात अखंड चाललेला विचार, आठवणी आणि संवेदना यांचा ओघ निवेदनाच्या केंद्रस्थानी ठेवणारा कादंबरीप्रकार. ‘संज्ञाप्रवाह’ ही कल्पना मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याच्या १८९० च्या ग्रंथामुळे रूढ झाली. मे सिंक्लेअर हिने १९१८ मध्ये डॉरथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना ती साहित्यसमीक्षेत आणली. सर्वज्ञ निवेदक, कार्यकारणाने बांधलेले कथानक आणि शेवटी सुटणारी गाठ, या एकोणिसाव्या शतकातील कादंबरीच्या आधारांना येथे फाटा मिळाला. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चा (१९२२) एवढा मोठा पसारा डब्लिनमधल्या जेमतेम एका दिवसाचा आहे : १६ जून १९०४. व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’मध्ये (१९२७) तर मिसेस रॅम्झी या मध्यवर्ती पात्राचा मृत्यू चौकटी कंसातल्या एका वाक्यात उरकला आहे, जुन्या वळणाच्या कादंबरीकाराने त्यावर अख्खे प्रकरण खर्ची घातले असते. रिकाम्या घरावर चढत जाणारी काळाची पुटे मात्र वुल्फ सावकाश, डोळ्यांत तेल घालून न्याहाळते. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये (१९४२) हे तंत्र हाताळले. प्रयोग धाडसी खरा. पण मर्ढेकरांचा खोल ठसा उमटला तो मराठी कवितेवर.