बर्फातली पहिली खेप : सहकुटुंब टाहोला स्कीइंगला जाताना

मंडळी, जानेवारी लागला की आपल्या बे एरियातल्या शाळांमधून एकच चौकशी सुरू होते, "स्की वीकला तुम्ही कुठे जाणार?" फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेला जोडून बऱ्याच शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तिला मुले स्की वीक म्हणतात. आपण डोंबिवली-सांगलीकडची माणसे. आपला बर्फाशी संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता. त्यामुळे पहिली एक-दोन वर्षे "पुढच्या वर्षी बघू" म्हणून निघून जातात, आणि मग एक दिवस मुलगा घरी येऊन सांगतो की वर्गात न गेलेला तो एकटाच आहे.

आमचे तसेच झाले. आम्ही घाईघाईने ठरवले, आणि जे जे चुकू शकते ते सगळे चुकवले. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऑफिसमधून थेट निघालो, गाडीत साखळ्या नव्हत्या, अंगात जीन्स होत्या. रात्र ऑबर्नच्या मोटेलात काढली. शनिवारी पोचलो तेव्हा सकाळचा क्लास सुरू होऊन गेला होता. "त्यात काय शिकायचंय, मी दाखवतो" असे एका मित्राने म्हटले आणि आम्ही नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन चेअरलिफ्टने वर गेलो. वरून खाली पाहिल्यावर तो जो रडायला लागला तो थांबेना. आम्ही त्याला "घाबरतोस काय एवढा" म्हणून ओरडलोही. शेवटी तिघेही स्की खांद्यावर टाकून, ते जडशीळ बूट आपटत, तासभर चालत उतरलो. त्यानंतर दोन वर्षे त्याने बर्फाचे नाव काढू दिले नाही. पाय कुणाचा मोडला नाही, पण हे दुखणे आमच्या मनात बरेच दिवस राहिले. म्हणून हा लेख.

कुठे जावे

टाहो सरोवराच्या भोवती डझनभर रिसॉर्ट आहेत. १९६० चे हिवाळी ऑलिंपिक जिथे झाले ते स्क्वॉ व्हॅली २०२१ पासून पॅलिसेड्स टाहो या नावाने ओळखले जाते. जागा सुंदर आहे, पण पहिल्या खेपेला एवढ्या मोठ्या डोंगराची गरज नसते. नवशिक्याला दिवसभर लागते ती एक सपाटीकडे झुकलेली टेकडी आणि तिच्यावरचा सरकता पट्टा, ज्याला तिथे मॅजिक कार्पेट म्हणतात. हे तर लहान ठिकाणीही असते, आणि तिथे गर्दी आणि तिकीट दोन्ही कमी. आय-८० वर सोडा स्प्रिंग्ज आणि बोरियल, ट्रकीजवळ टाहो डॉनर ही नावे लक्षात ठेवा. सोडा स्प्रिंग्जला ट्यूबमध्ये बसून घसरायची सोय आहे, लहानग्यांना तेवढे पुरते. हायवे ५० ने जाणाऱ्यांना सिएरा-ॲट-टाहो सोयीचे, कारण ते एको समिटच्या अलीकडेच आहे, म्हणजे ७,३८२ फुटांवरची ती खिंड ओलांडावी लागत नाही. (२०२१ च्या कॅल्डॉर वणव्यात त्याचे बरेच जंगल जळाले, पुढचा जवळजवळ सगळा मोसम बंद होते, नंतर पुन्हा सुरू झाले.) थोडा खर्च करून एकाच जागी राहणे, खाणे, शिकणे सगळे हवे असेल तर नॉर्थस्टार.

पैशाचे बोलायचे तर मोठ्या रिसॉर्टचे एका दिवसाचे तिकीट सुट्टीच्या दिवसांत खिडकीवर २०० डॉलरच्या पुढे जाते. ते नवशिक्याने घ्यायचेच नसते. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांसाठी क्लास, भाड्याचे सामान आणि फक्त खालच्या लिफ्टचे तिकीट असे एकत्र पॅकेज मिळते. ते आधीच ऑनलाइन घ्यावे, स्वस्त पडते आणि जागाही राखली जाते. जमल्यास शाळेला एक दिवस दांडी मारून जानेवारीतला मंगळवार-बुधवार गाठा. स्की वीक आणि नाताळ हे दोन आठवडे पहिल्या खेपेला टाळावेत असे आमचे स्पष्ट मत आहे, मग मुलाच्या वर्गात काहीही चर्चा चालू असो. पार्किंगचेही पाहून ठेवा, काही ठिकाणी गर्दीच्या दिवशी जागा आधी राखावी लागते.

रस्ता

स्कीइंगपेक्षा आम्हाला अजूनही धास्ती वाटते ती रस्त्याची. सॅन फ्रान्सिस्कोहून ट्रकी १८५ मैलांच्या आसपास, कोरड्या रस्त्याला साडेतीन तास. बर्फ पडत असेल आणि शुक्रवार असेल तर सात-आठ तासही लागतात. मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्याअखेरीस हिमवादळामुळे आय-८० डोंगरात बंदच होता. १८४६ च्या हिवाळ्यात डॉनर पार्टी अडकून पडली आणि तिच्यातली निम्म्याच्या आसपास माणसे दगावली, ती ह्याच खिंडीच्या पायथ्याशी. तेव्हा हवामानखात्याने वादळाचा इशारा दिला असेल तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी घरी बसावे. निघण्यापूर्वी कॅलट्रान्सचा क्विकमॅप पाहावा किंवा १-८००-४२७-७६२३ ला फोन करून महामार्गाचा क्रमांक सांगावा.

साखळ्यांचे नियम तीन पायऱ्यांचे आहेत. आर-१ ची पाटी असेल तर साखळ्या लावा, मात्र साध्या प्रवासी गाडीच्या चालत्या चाकांना बर्फाचे टायर असतील तर साखळ्या नुसत्या जवळ असल्या तरी चालते. आर-२ असेल तर फक्त चारही चाके चालणाऱ्या आणि चारही टायर बर्फाचे असलेल्या गाडीला सूट, तिच्यातही साखळ्या हव्यातच. आर-३ म्हणजे सरसकट सगळ्यांना, पण तशी वेळ येण्याआधी बहुधा रस्ताच बंद करतात. टायरच्या कडेला एम+एस अशी अक्षरे आहेत का ते घरीच पाहून घ्या. "आमची गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, आम्हाला काय" असे म्हणणारे मित्र प्रत्येकाला असतात. ती गाडी बर्फात सुटायला मदत करते, थांबायला नाही.

साखळ्या टायरच्या मापाच्याच घ्याव्यात, ते माप टायरवर लिहिलेले असते. पुढची चाके चालणारी गाडी असेल तर साखळ्या पुढच्या चाकांना. आणि एकदा घराच्या ड्राइव्हवेमध्ये, कोरड्यात, दिवसाउजेडी लावून बघा. आम्ही पहिल्यांदा लावल्या त्या अंधारात, मोबाइलच्या उजेडात, ओल्या हातांनी, आणि एकमेकांशी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. रस्त्याच्या कडेला क्रमांकाचा बिल्ला लावलेली माणसे पैसे घेऊन साखळ्या लावून देतात, पण त्यांना साखळ्या विकायची किंवा भाड्याने द्यायची परवानगी नसते. साखळ्या लावल्यावर वेग २५-३० मैलांच्या वर नको. भाड्याची गाडी असेल तर करारनामा वाचा, पुष्कळ कंपन्या साखळ्या लावू देत नाहीत.

गाडीत पांघरुणे, पाणी, खाऊ, विजेरी, काच खरवडायचे साधन असावे, आणि टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची पाळी आली तर आधी उतरून एक्झॉस्टची नळी बर्फाने बुजली नाही ना ते पाहा. बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या मुलांना काही कळत नाही. एवढे एक तरी विसरू नका.

कपडे

सुती काही नको. जीन्स तर नकोच, ती भिजते आणि वाळत नाही. आतून थर्मल, मधे फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर पाणी न शिरणारे जाकीट आणि पँट. पायात एकच जोड लांब मोजे; दोन घातले की पाय जास्त गार पडतात, कारण बूट आवळला जातो. मुलांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा एक-अंगठ्याचे मिटन बरे, आणि एक जोड जास्तीची ठेवा. पँट-जाकीट पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. भाड्याने मिळते, आणि मंडळात विचारलेत तर कुणाच्या तरी मुलांची लहान झालेली निघतीलच. हेल्मेट सगळ्यांनी घालावे, आईबाबांनीसुद्धा. उन्हाचे मलम हनुवटीच्या खालीही लावा; ताजा बर्फ ऊन खालून परत फेकतो, आणि आपला रंग सावळा म्हणून कातडे जळत नाही हा गैरसमज आम्ही अनुभवाने सोडला आहे.

शिकणे

स्की भाड्याने घेताना तिथला माणूस वय, उंची, वजन विचारतो. वजन खरे सांगा. त्यावरून बूट स्कीला धरणाऱ्या बाइंडिंगचा जोर ठरतो. पडल्यावर बूट वेळेवर सुटला पाहिजे, नाहीतर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बूट घट्ट हवा, पण चवडे हलले पाहिजेत. नडगीला टोचत असेल तर बहुतेक वेळा थर्मलची किंवा मोज्याची घडी आत अडकलेली असते.

क्लास घ्याच, आणि मुलांचा वेगळा, आपला वेगळा. आईबाप समोर असले की मूल रडते आणि आईबाप शिकवायला लागतात. मुलांना तिथे थांबायला पिझ्झा शिकवतात, म्हणजे स्कीची पुढची टोके जवळ, मागची लांब, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखी. सरळ जायला दोन्ही स्की समांतर, त्याला फ्रेंच फ्राइज. मोठ्यांनाही तेच शिकवतात, फक्त खाण्याची नावे घेत नाहीत. पहिल्या दिवशी शिकायचे ते पडणे, पडून उठणे आणि थांबणे. हे तिन्ही पट्ट्याजवळच्या टेकडीवर नीट येईपर्यंत चेअरलिफ्ट नको, कुणी मित्र कितीही म्हणाला तरी. वाटांवरच्या खुणांत हिरवे वर्तुळ सोपे, निळा चौकोन मध्यम, काळा पतंग अवघड. पण हे त्या त्या डोंगरापुरते असते. एका ठिकाणचे हिरवे दुसरीकडच्या निळ्याइतके उभे असू शकते. पुढे असणाऱ्याचा हक्क पहिला, चुकवून जायची जबाबदारी मागच्याची, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्या. थकल्यावर "आता शेवटची एक" नको.

आमच्या मुलाला आम्ही दोन वर्षांनी टाहो डॉनरला नेले तेव्हा आधीच कबूल केले की नको वाटले तर नको, आपण नुसते कोको पिऊन परत येऊ. आधी त्याची माफीही मागितली. तो क्लासला गेला. आम्ही लांबून, लॉजच्या काचेतून पाहत होतो.

आजी-आजोबा आणि खाणे

पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नये. साऊथ लेक टाहोहून हेवनलीची गोंडोला स्की न करणाऱ्यांनाही मिळते, आणि वाटेतल्या ९,१२३ फुटांवरच्या सज्जातून सबंध सरोवर दिसते. मात्र हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सरोवरच मुळात ६,२०० फुटांवर आहे. पहिल्या दिवशी डोके दुखणे, झोप न लागणे सर्वांनाच होऊ शकते. पाणी भरपूर प्यावे. पाहुण्यांच्या विम्यात बर्फातल्या खेळांची दुखापत बसते का तेही वाचून ठेवा. बुटांना तळाला खाचा हव्यात. पार्किंगमधला काळा बर्फ उतारावरच्यापेक्षा घातक.

लॉजमधे शाकाहारी माणसाला फ्राइज आणि चीज पिझ्झा. त्यापेक्षा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू आणि थर्मासमधे चहा न्यावा. स्वयंपाकघर असलेली केबिन घेतलीत तर कुकर बरोबर घ्या. त्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. पहिल्या संध्याकाळी गरम मऊ भात, तूप, मेतकूट. बाकी कुणाला काही खायचे त्राण नसते.

परतताना रविवारी दुपारी दोन ते सहा या वेळात निघू नका. बाराच्या आत निघा, नाहीतर जेवून रात्री. साखळ्या काढायची पाटी आली की जागा बघून बाजूला घ्या, आणि घरी आल्यावर त्या साध्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच गराजमधे टाका, नाहीतर पुढच्या वर्षी गंजलेल्या निघतात.