गूगलशिवायचा अँड्रॉइड : एका वजाबाकीचा इतिहास

हे भाषण आपल्यापैकी कोण कोण ऐकत आहे हे मला कळत नाही, आणि आकाशवाणीलाही कळत नाही. लहरी सर्वदूर जातात, आपण खुंटी फिरवून त्या पकडता आणि तिथे व्यवहार संपतो. माझ्या लहानपणी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. घरात रेडिओ आहे एवढं सरकारला ठाऊक असे; पण त्यावर आपण बातम्या ऐकता की सिलोनवरची गाणी, हे कुणाच्या वहीत लिहिलं जात नसे. आता हेच भाषण आपण मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमधून ऐकत असाल, तर गोष्ट निराळी. किती वाजता लावलं, कुठल्या गावातून लावलं, कितव्या मिनिटाला कंटाळून बंद केलं, या सगळ्याची नोंद होऊ शकते. यातली शेवटची नोंद माझ्याही फारशी हिताची नाही, पण ते असो.

फोन हवा, पण ही नोंदवही नको, असं म्हणणारी काही माणसं पहिल्यापासून आहेत. त्यांनी काय काय केलं, त्याची ही हकिकत. आयफोनचा मूळ प्रोग्राम बंदिस्त आहे; तो उघडून बदलण्याची सोय ॲपलने कुणाला दिली नाही. त्यामुळे ही हकिकत बहुतांशी अँड्रॉइडची आहे.

अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी अँडी रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात काढली आणि २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली. गूगलचं उत्पन्न जाहिरातींचं. उद्या लोक संगणक सोडून फोनवरून इंटरनेट पाहू लागले आणि त्या फोनचा दरवाजा मायक्रोसॉफ्टच्या किंवा आणखी कुणाच्या हातात असला, तर आपल्याला आत कोण घेईल, ही त्या कंपनीची चिंता होती. म्हणून फोनचा प्रोग्राम फुकट वाटायचा, म्हणजे प्रत्येक कारखानदार तोच घेईल, असं ठरलं. नोव्हेंबर २००७ मध्ये ३४ कंपन्यांची आघाडी जाहीर झाली. ऑक्टोबर २००८ मध्ये एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेत विक्रीला आला आणि त्याच सुमारास अँड्रॉइडचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींनी लिहिला जातो त्या ओळी, जगासाठी खुल्या झाल्या.

हा खुलेपणा नीट पाहायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे. त्याचा परवाना असा, की त्यात बदल करून वाटप करणाऱ्याने बदललेल्या ओळीही द्यायच्या. वरचा बराचसा भाग मात्र अपाची परवान्याखाली आहे. त्यात अशी सक्ती नाही. कुणीही घ्यावा, बदलावा आणि हवं तर बदल स्वतःजवळ ठेवावेत. ही मोकळीक सॅमसंगला होती, तशी गूगललाही होती. आणि जीमेल, नकाशे, यूट्यूब, ॲप मिळण्याचं दुकान ही गूगलची स्वतःची ॲप खुल्या भागात कधीच नव्हती. घर सार्वजनिक, पण चुलीला कुलूप, असा तो प्रकार.

त्या कुलपाला पहिला हात लागला २००९ मध्ये. स्टीव्ह कॉन्डिक नावाचा अमेरिकन प्रोग्रामर इंटरनेटवर सायनोजेन या टोपणनावाने वावरत असे. सायनोजेन हे खरं तर एका विषारी वायूचं नाव. त्याने अँड्रॉइडच्या खुल्या ओळी घेऊन, त्यात सुधारणा करून, आपली आवृत्ती लोकांना वाटायला सुरुवात केली. ती कारखान्याच्या आवृत्तीपेक्षा चपळ होती, पाहता पाहता लोकप्रिय झाली. तिच्यात गूगलची ॲपही घातलेली होती. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलच्या वकिलांचं पत्र आलं : ही ॲप आमची मालमत्ता आहे, वाटप थांबवा. कायद्याने गूगलचं बरोबर होतं. त्यावर बराच गदारोळ झाला आणि शेवटी तोडगा निघाला तो मोठा मासलेवाईक होता. कॉन्डिकने ती ॲप काढून टाकली. ज्याला हवी असतील त्याने आपल्याच फोनमधली मूळ प्रत आधी बाजूला काढून ठेवायची, नवी आवृत्ती घालायची आणि मग ती प्रत परत बसवायची.

या भांडणात गोपनीयतेचा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता. पण त्या पत्रामुळे एक गोष्ट आपोआप घडली. गूगलचं काहीही नसलेला, तरीही चालणारा अँड्रॉइड फोन जगात अस्तित्वात आला. ज्यांनी मूळ प्रत परत बसवलीच नाही, ते या परंपरेचे पहिले लोक म्हणायला हरकत नाही. गूगलच्या वकिलांनी हा उपकार अर्थातच हेतुपुरस्सर केला नव्हता.

गूगलचं दुकान नसलेल्या फोनवर ॲप आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. २०१० मध्ये किअरन गल्टनिक्स यांनी एफ-ड्रॉइड सुरू केलं. तिथे फक्त मुक्त सोर्सची ॲप मिळतात. खातं उघडावं लागत नाही, आणि एखाद्या ॲपमध्ये पाळत ठेवणारा भाग असेल तर तशी सूचना यादीतच लिहिलेली असते. त्याच वर्षी रेप्लिकंट हा प्रकल्प निघाला. त्याच्या लोकांना एकही बंदिस्त तुकडा नको होता, अगदी फोनचे सुटे भाग चालवणारे छोटे प्रोग्रामही नकोत. इतकं सोवळं पाळल्यावर वायफाय चालत नाही, कॅमेरा अडतो. त्यामुळे ते फोन वापरणारे थोडेच राहिले. पण सोवळ्याचा एक उपयोग झाला. मार्च २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की सॅमसंगच्या काही गॅलक्सी फोनमधला बंदिस्त प्रोग्राम मोडेमला फोनमधल्या फायली वाचू-लिहू देतो. त्याचा गैरवापर दुरून करता येईल का, याबद्दल जाणकारांत मतभेद झाले. ती सोय आहे हे मात्र ओळी वाचणाऱ्यांमुळेच बाहेर आलं.

इकडे सायनोजेनमॉडने २०१३ मध्ये एक सुंदर सोय दिली. एखाद्या ॲपने तुमचे संपर्क मागितले, तर त्याला नाही म्हणायचं नाही. रिकामी यादी हातावर ठेवायची. दाराशी आलेल्या भोचक पाहुण्याला गोड बोलून काहीही न सांगण्याची ही कला आपल्याकडच्या आज्यांना चांगली साधत असे. एकेक परवानगी वापरताना देण्या-नाकारण्याची सोय गूगलच्या अधिकृत अँड्रॉइडमध्ये त्यानंतर, २०१५ मध्ये आली.

पुढे कॉन्डिकची कंपनी झाली, गुंतवणूकदार आले. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांचा प्रोग्राम भारतात वापरण्याचा हक्क आपल्याकडेच आहे, असं म्हणत मायक्रोमॅक्सने वनप्लसविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. म्हणजे सर्वांना मोकळं म्हणून जन्मलेल्या गोष्टीवर मक्तेदारीचा दावा! अँड्रॉइड गूगलच्या हातून काढून घेण्याची भाषा करणाऱ्या त्या कंपनीने २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची ॲप सोबत देण्याचा करार केला. २०१६ च्या डिसेंबरात सगळा पसारा आवरला. स्वयंसेवकांनी त्याच ओळी उचलून लिनिएज या नावाने काम चालू ठेवलं. कंपनीने हात काढून घेतला तरी परवान्यामुळे काम उरलं.

आता खरी अडचण. २०१२ मध्ये गूगलने प्ले सर्व्हिसेस नावाचा एक बंदिस्त थर अँड्रॉइडवर आणला. त्याचं चित्र पडद्यावर दिसत नाही. तो मागे बसून दोन-तीन महत्त्वाची कामं करतो. एखादा निरोप आला की फोनला जागं करणं, जवळचे वायफाय आणि मोबाइलचे मनोरे पाहून आपण कुठे आहोत ते ठरवणं, नकाशा दुसऱ्या ॲपमध्ये उमटवणं. बाहेरच्या ॲपवाल्यांना ही सोय फुकट मिळाली. त्यांनी आपापली ॲप तिच्यावरच उभी केली. परिणाम असा, की एखाद्या टॅक्सीच्या किंवा किराण्याच्या ॲपचा गूगलशी वरवर काही संबंध नसला, तरी गूगल काढलं की ते लंगडतं. आपण जीमेल वापरत नाही, म्हणजे आपल्या फोनमध्ये गूगल नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो या थरामुळे खोटा ठरतो.

या थराला पर्याय देण्याचं काम मार्विन विसफेलर या जर्मन तरुणाने हाती घेतलं. त्याच्या प्रोग्रामचं नाव मायक्रोजी. तो बाकीच्या ॲपना ‘मीच प्ले सर्व्हिसेस’ असं सांगतो, आणि शक्य तितकं काम गूगलला कमीत कमी कळवून उरकतो. बहुरूप्याचंच काम. त्यासाठी फोनने खोटी सही खरी मानावी लागते, आणि ते लिनिएजच्या लोकांना सुरक्षिततेच्या दृष्टीने पटलं नाही. तेव्हा २०१७ मध्ये मायक्रोजीसह लिनिएज अशी वेगळी आवृत्ती निघाली. गोपनीयता आणि सुरक्षितता या एकच गोष्ट आहेत, असं आपण धरून चालतो. या मंडळींची भांडणं वाचली की तसं नाही हे कळतं.

नोंदवहीची भीती अनाठायी होती का? नोव्हेंबर २०१७ मध्ये क्वार्ट्झ या वृत्तसंस्थेने उघड केलं, की त्या वर्षाच्या सुरुवातीपासून अँड्रॉइड फोन जवळच्या मनोऱ्यांची ओळख गूगलला पाठवत होते, आणि ‘लोकेशन’ बंद असतानाही पाठवत होते. गूगलने ते मान्य केलं. निरोप लवकर पोचावेत म्हणून हा प्रयोग होता, माहिती साठवली नाही आणि आता बंद करतो, असं सांगितलं. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने दाखवलं, की ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी काही ठिकाणं दुसऱ्याच एका सोयीखाली नोंदली जात होती. त्या प्रकरणात गूगलने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांना मिळून ३९ कोटी १५ लाख डॉलर दिले. मार्च २०२१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी मोजून सांगितलं, की स्वस्थ पडून असलेला फोनही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या कंपनीशी बोलतो. अँड्रॉइड गूगलशी, आयफोन ॲपलशी. गूगलने मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि फोन चालायला हे लागतंच, असं उत्तर दिलं.

त्याच वर्षी लीथ आणि एडिनबरा विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी आणखी फोन तपासले. सॅमसंग, शाओमी, रिअलमी, ह्वावे, सगळे बोलके निघाले. गूगलची ॲप बसवलेला लिनिएजही गूगलशी बोलत होता. जवळजवळ गप्प राहिलेला फोन एकच, ‘ई’ नावाच्या प्रणालीचा. मँड्रेक लिनक्स हे ज्यांनी १९९८ मध्ये सुरू केलं, त्या गायेल दुवाल या फ्रेंच गृहस्थांची ही निर्मिती. ॲपल आणि गूगलच्या आहारी आपणच गेलो आहोत, असं २०१७ मध्ये जाहीरपणे कबूल करून त्यांनी कामाला सुरुवात केली. लिनिएजच्या ओळी, मायक्रोजीचा थर आणि स्वतःची ईमेल व फायली ठेवण्याची सोय, असं त्याचं स्वरूप. सामान्य माणसाला दुकानातून तयार फोन घेता यावा हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

दुसरी वाट डॅनियल मायके या प्रोग्रामरची. कॉपरहेड या कंपनीत भागीदाराशी बिनसल्यावर २०१८ मध्ये तो बाहेर पडला आणि ग्राफीन ही प्रणाली उभी राहिली. तिचा भर फोन फोडायला कठीण करण्यावर. ती चालते पिक्सेल फोनवर, म्हणजे खुद्द गूगलने बनवलेल्या फोनवर! कारण परकी प्रणाली बसवून नंतर फोनला पुन्हा कुलूप घालण्याची चांगली सोय त्या फोनमध्ये आहे. २०२१ मध्ये ग्राफीनने वेगळाच मार्ग काढला : प्ले सर्व्हिसेस हवी तर घ्या, पण विशेष अधिकार काढून, साध्या ॲपसारखी चौकटीत बसवून. घरमालक होता तो भाडेकरू झाला.

मग एवढं सगळं असताना दुकानात असे फोन रांगेने का दिसले नाहीत? याचं उत्तर करारांत आहे. गूगलची ॲप हवी असलेल्या कारखानदाराला, आपण वेगळ्या वाटेचा अँड्रॉइड फोन काढणार नाही, असं लिहून द्यावं लागे. २०१२ मध्ये एसरने अलिबाबाची प्रणाली असलेल्या फोनचा समारंभ आयत्या वेळी रद्द केला तो याच दडपणाखाली. युरोपियन आयोगाने जुलै २०१८ मध्ये अशा करारांसाठी गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि ही अट काढायला सांगितली. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. त्याच २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या आश्रयाने वाढलेली भारओएस ही प्रणाली पुढे आली. तिच्यात आधीपासून भरलेलं एकही ॲप नाही.

दार मात्र हळूहळू लोटलं जात आहे. मार्च २०२५ मध्ये गूगलने सांगितलं, की यापुढे अँड्रॉइडचं काम आतल्या आत होईल; आवृत्ती तयार झाली की ओळी मिळतील. जूनमध्ये अँड्रॉइड १६ च्या ओळी आल्या, पण पिक्सेलसाठी लागणाऱ्या फायली, ज्या आजवर सोबत मिळत, त्या आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये घोषणा झाली, की आपली ओळख गूगलकडे नोंदवलेल्या लेखकाचीच ॲप प्रमाणित फोनवर बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये चार देशांत, मग इतरत्र. हे झालं तर आमचं काम संपेल, असं एफ-ड्रॉइडने लिहिलं. आरडाओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणत्या वापरणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवू असं म्हटलं. यात नियम मोडला असं कुठेच म्हणता येत नाही. अपाची परवान्यात तेवढी जागा पहिल्या दिवसापासून होती.

माझ्या एका जुन्या फोनवर भाच्याने लिनिएज घालून दिली, त्याला दोन वर्षं झाली. गूगल त्यात नाही. निरोप सिग्नलवर येतात, रस्ता ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर सापडतो. गल्लीबोळातली दुकानं त्यात कमी आहेत, ती मी विचारत विचारत गाठतो. बॅटरी मात्र पूर्वीपेक्षा जास्त टिकते. अडलं ते बँकेच्या ॲपपाशी. फोन प्रमाणित आहे का हे ते गूगलला विचारतं, आणि नकार आला की उघडतच नाही. भाचा म्हणाला, “मामा, यावर तोडगा आहे, पण दर महिन्याला नवा शोधावा लागेल.” मी म्हटलं, राहू दे. बँकेचं काम मी शाखेत जाऊन करतो. पासबुक छापायचं यंत्र बहुधा बंद असतं, तेव्हा खिडकीतले गृहस्थ पेनाने शिल्लक लिहून देतात.